लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकलची सीट घडवून घेताना

मोटरसायकलची सीट निवडायला गेलेला माणूस दुकानात सर्वांत आधी अंगठ्याने फोम दाबून पाहतो आणि जी सीट जास्त दबते तीच जास्त आरामाची, असे मनाशी ठरवून टाकतो. मी माझ्या मोटरसायकलची सीट कुर्ल्यातील एका कारागिराकडून नव्याने घडवून घेतली, तेव्हा या संपूर्ण कामात मला सर्वांत अधिक पटलेली गोष्ट ही, की अंगठ्याची ही परीक्षा लांबच्या प्रवासाविषयी काहीच सांगत नाही. पाच मिनिटे बसून मऊ वाटणारी सीट आणि पाच तास बसल्यावरही साथ देणारी सीट या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि दुसरी मिळवण्यासाठी आपल्या शरीराचे वजन नेमके कुठे टेकते, हे आधी समजून घ्यावे लागते.

मुंबईहून दुचाकीने बाहेर पडणाऱ्याला हा विचार इतरांपेक्षा थोडा जास्तच करावा लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना बंदी असल्याने आपला प्रवास जुन्या रस्त्यांनी होतो आणि त्याला वेळही अधिक लागतो. शिवाय शहर सोडेपर्यंतचा पहिला टप्पा गर्दीत, अतिशय संथ गतीने पार पडतो. मोकळ्या रस्त्यावर वेग असताना समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो. गर्दीत तो आधार नसतो आणि कमरेवरचा सगळा भार थेट सीटवर येतो. मी मुलुंडला राहतो. नाशिककडे निघालो, की भिवंडीचा वळसा आणि शहापूर मागे टाकून कसारा घाट चढेपर्यंत मला बैठकीच्या हाडांखाली आग होऊ लागे आणि त्यानंतर रस्त्यापेक्षा पुढच्या चहाच्या टपरीकडेच अधिक लक्ष जाई. पत्नी मागे बसलेली असली, तर तिची तक्रार माझ्याही आधी सुरू होई.

आपण ताठ बसतो तेव्हा कटिभागाच्या तळाशी असलेली दोन गोलसर हाडे बराचसा भार पेलतात. मुंबईत रोज लोकलच्या कडक बाकावर बसणाऱ्यांना ती हाडे चांगलीच परिचित असतात. दुखणे प्रामुख्याने दाबाचे असते. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब साधारणपणे ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका मानला जातो. बाहेरून येणारा दाब त्याहून बराच वाढला आणि तसाच टिकून राहिला, तर त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मेंदू वेदनेच्या रूपाने आपल्याला हलायला सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कूस बदलायला लावतात, त्यामागचे कारणही हेच असते. म्हणून चांगल्या सीटचे काम दुहेरी असते: त्या दोन हाडांखाली पक्का आधार देणे, आणि उरलेला भार मांड्यांच्या वरच्या भागावर व बैठकीच्या मांसल भागावर जास्तीत जास्त क्षेत्रात पसरवणे. अतिमऊ फोममध्ये हाडे थेट तळाच्या प्लास्टिकपर्यंत उतरतात आणि त्यांच्या बाजूने वर आलेला फोम भलत्याच नाजूक जागी दाब देऊ लागतो. पहिल्या अर्ध्या तासात सुखाची वाटलेली सीट पुढे छळू लागते, ती यामुळे.

कारागिराकडे जाण्यापूर्वी दुखणे कुठे आणि केव्हा सुरू होते याची नोंद मी एका छोट्या वहीत ठेवत होतो, आणि सीट बदलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असे मी आग्रहाने सांगेन. हाडांखाली आग होत असेल, तर फोमची जात किंवा जाडी चुकलेली असते. पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येत असतील, तर सीटचा उतार टाकीकडे आहे आणि आपण नकळत पुढे घसरत आहोत, असे समजावे. माकडहाड दुखत असेल, तर पाठीला पोक येते आहे, आणि त्याचे मूळ अनेकदा सीटमध्ये नसून हँडलच्या अंतरात असते. मांडीच्या आतल्या बाजूला कड रुतत असेल, तर सीट पुढच्या भागात गरजेपेक्षा रुंद आहे. आणि गुडघे भरून येत असतील, तर सीट आणि पायटे, म्हणजे पाय ठेवायचे आडवे दांडे, यांच्यातले अंतर कमी पडते आहे. माझ्या वहीत पहिली दोन कारणे पुनःपुन्हा येत होती, आणि पत्नीच्या बाबतीत ब्रेक लागताच पुढे घसरणे हे एक कारण सर्वांत वरचढ होते.

सीटवर खर्च करण्याआधी मागचे शॉक अॅब्सॉर्बर तपासून घेण्याचा सल्ला मला आमच्या मेकॅनिकने दिला आणि तो अतिशय मोलाचा ठरला. मागच्या स्प्रिंगचा ताण, ज्याला गॅरेजमध्ये सगळे प्रीलोड म्हणतात, तो एकट्या चालकाच्या वजनावर लावलेला असेल आणि आपण दोघे माणसे, शिवाय सामान घेऊन निघालो, तर शॉक आधीच अर्धाअधिक दबलेला असतो. मग खड्ड्याचा जो हिसका स्प्रिंगने पचवायचा, तो सीटमधून आपल्या कण्याला बसतो. स्वार बसल्यावर मागचे सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के खाली यावे, असा ढोबळ नियम आहे. आमच्या गाडीचे प्रीलोड दोघांच्या वजनानुसार वाढवल्यावर हिसके स्पष्टपणे कमी झाले, मात्र हाडांखालची आग तशीच राहिली. त्यामुळे उरलेले दुखणे सीटचेच, हे निश्चित झाले.

पर्याय पुष्कळ आहेत. अनेक कंपन्या आपल्या गाड्यांसाठी टूरिंग सीट या नावाने वेगळी सीट विकतात. अमेरिकेत कॉर्बिन, सार्जंट, मस्टँग यांसारखे केवळ सीट बनवणारे उत्पादक आहेत. पण ते ज्या गाड्यांसाठी सीट बनवतात त्यांत आपल्या रस्त्यांवरच्या फार थोड्या गाड्या येतात, आणि आलीच तरी बाहेरून मागवलेली सीट अंगाला बसली नाही तर परत पाठवणे अवघड असते. सीटवर बांधायच्या गाद्याही मिळतात. त्यांतली हवेच्या कप्प्यांची गादी दाब उत्तम पसरवते, कारण एका कप्प्यातली हवा दुसऱ्यात जाऊ शकते. मात्र तिच्यात हवा अगदी बेताची, हाडे सीटपासून जेमतेम उचलली जातील इतकीच ठेवायची असते. जास्त हवा भरली, की स्वार डुलू लागतो आणि वळणावर गाडीचा अंदाज येत नाही. जेलची गादी मी एका मित्राकडून मागून वापरून पाहिली. ती दाब बरा पसरवते, परंतु उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर जेल उष्णता धरून ठेवते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पेट्रोल पंपावरून निघताना त्यावर बसणे अशक्य होते. जाळीदार कापडाचे कव्हर स्वस्त आणि हवेशीर असते, घामावर त्याचा चांगला उपयोग होतो; मूळ आकारच चुकलेला असेल, तर ते काही करू शकत नाही.

माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा वेगळा होता. सीट एकदाच करून बरोबर येणारी वस्तू नाही, ती थोडी चालवून पुन्हा तासावी लागते, आणि ही सोय फक्त जवळच्या कारागिराकडे मिळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये गाड्यांचे सुटे भाग, भंगार आणि सीट कव्हर यांची दुकाने वर्षानुवर्षे आहेत. तिथल्या एका लहान गाळ्यात काम करणारे राजापूरकडचे एक वयस्कर कारागीर मला ओळखीतून सापडले. त्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही चाचाच म्हणू लागलो. त्यांनी पहिली अट घातली ती अशी: “मूळ सीटला हात लावायचा नाही. भंगारातून याच मॉडेलची जुनी सीट आणा, बेस धड असला म्हणजे झालं.” ही अट मला फार आवडली, कारण काम बिघडले तरी गाडीची स्वतःची सीट घरी शाबूत राहणार होती. बेस, म्हणजे सीटचा प्लास्टिकचा तळ, पाहताना त्यांनी कुलपाची खिट्टी, पुढचा जिभेसारखा भाग आणि तळाची रबरी बटणे नीट तपासली. ही बटणे झिजलेली असली, तर सगळा भार चुकीच्या ठिकाणी पडून प्लास्टिकच्या बेसला तडे जातात.

मापे घेण्याची पद्धत साधी होती. सपाट स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून, पातळ पँट घालून त्यावर काही मिनिटे बसायचे आणि पाय थोडे वर उचलायचे. पुठ्ठ्यावर दोन हाडांचे ठसे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोठ्या माणसांत बहुधा १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते आणि स्त्रियांमध्ये ते सरासरीने जास्त असते, म्हणून एकाच मापाने दोघांची सीट करणे योग्य नाही. त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मला सगळ्या सरंजामानिशी, म्हणजे रायडिंग पँट आणि बूट घालून बसवले आणि डोळे मिटून हात हँडलकडे न्यायला सांगितले. हात सहज पोहोचतील अशा जागी बैठक कुठे येते, ती खूण खडूने सीटवर केली. मूळ सीटचा सर्वांत खोल भाग या खुणेच्या बराच पुढे होता. माझे पुढे घसरणे त्यामुळेच होते.

फोमची निवड करण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. बाजारात ३२, ४० असे आकडे सांगून फोम विकला जातो. तो आकडा घनतेचा असतो, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन इतके किलो. घनता जास्त असली, की फोम सहसा जास्त वर्षे टिकतो, त्याची उंची लवकर बसत नाही. तो किती कडक आहे हे मात्र या आकड्यावरून कळत नाही. कडकपणा वेगळा मोजला जातो, आणि एकाच घनतेचे दोन फोम हाताला अगदी निराळे लागू शकतात. चाचांच्या गाळ्यात तीन जातींचे तुकडे होते. पहिला लवचिक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, जो दाब सुटताच लगेच उसळून येतो. दुसरा रीबाँडेड, म्हणजे फोमच्या कातरणांचा भुगा चिकटवून दाबलेला ठोकळा, रंगीबेरंगी, जड आणि बराच कडक. तिसरा ईव्हीए, म्हणजे रबरासारखा प्लास्टिकचा फोम, ज्यातली हवेची पोकळी (पेशी) चहूकडून बंद असते; तो पाणी पीत नाही आणि कंपने चांगली शोषतो, पण त्याला हवा लागत नाही आणि एकट्याने तो लाकडासारखा कडक वाटतो. मेमरी फोमचा विचार मी बराच केला होता. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या नासासाठी विमानाच्या आसनांच्या संशोधनातून तो तयार झाला आणि गादीच्या जाहिरातींनी तो घरोघरी पोहोचवला. त्याचा स्वभाव तापमानावर अवलंबून असतो: थंडीत तो कडक होतो, उष्णतेत ढिला पडतो. मुंबईच्या उन्हाळ्यात, त्यातही शरीराच्या उष्णतेखाली, जाड मेमरी फोम तळाला टेकणार हे उघड होते. त्यामुळे तो घ्यायचाच असेल, तर वरच्या पातळ थरापुरता घ्यावा, या मतावर आम्ही दोघेही आलो आणि अखेरीस तोही गाळला.

ठरले ते असे. बेसला लागून, फक्त बैठकीच्या जागी, रीबाँडेडचा सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा आधार. त्यावर जास्त घनतेच्या लवचिक फोमचा तेवढाच थर. आणि सर्वांत वर बोटभरही नाही असा मऊ थर, जो केवळ कडा आणि सांधे झाकण्यासाठी असतो. हाडांच्या नेमक्या जागी रीबाँडेडमध्ये दोन उथळ खळगे कोरून तिथे लवचिक फोम भरला, त्यामुळे हाडे थोडी खाली बसतात आणि भार मांड्यांकडे सरकतो. थर चिकटवताना चाचा डिंक सर्वत्र न फासता कडांना आणि काही पट्ट्यांपुरताच लावत होते. डिंकाचा थर वाळल्यावर कडक पापुद्रा होतो, आणि तो हाडाखाली आला तर इतके निगुतीने रचलेले थर वाया जातात.

आकार घडवण्याचे काम पाहणे हा मला या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग वाटला. धारदार लांब पात्याने मोठे तुकडे उतरवून चाचा ग्राइंडरवर खरकागदाची चकती लावून फोम तासत, दर थोड्या वेळाने तळहात फिरवून पाहत आणि मला बसवत. सीटचा बैठकीचा भाग त्यांनी जवळजवळ सपाट, किंचित मागे झुकणारा केला आणि टाकीजवळचा भाग अरुंद ठेवला. या अरुंद भागाचा जमिनीवर पाय टेकण्याशी थेट संबंध असतो. सीटची उंची कागदावर मिलिमीटरमध्ये दिलेली असते, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या मीटिओर ३५० ची ७६५ आणि हिमालयन ४५० ची ८२५ ते ८४५. परंतु मांड्या किती फाकतात यावर पाय प्रत्यक्षात किती टेकणार हे ठरते. सीट दोन सेंटिमीटर उंच केली आणि पुढून तेवढीच निमुळती केली, तर पाय पूर्वीइतकेच टेकू शकतात आणि गुडघ्यांना मोकळी जागा मिळते. माझ्या सीटचे नेमके असेच केले. दादर किंवा सायनच्या वाहतुकीत दर मिनिटाला पाय टेकवणाऱ्याने या मुद्द्यावर कारागिराशी सविस्तर बोलावे, केवळ महामार्गाचा विचार करू नये.

मागच्या सीटकडे बहुतेक स्वार दुर्लक्ष करतात, आणि हे मला अन्यायाचे वाटते. मागे बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही, त्यामुळे तो पायट्यांवर जोर देऊन अंग उचलू शकत नाही, आणि तो मागच्या चाकाच्या जवळजवळ वर बसलेला असल्याने हिसकाही त्यालाच जास्त लागतो. पत्नीला मी गाळ्यावर सोबत नेले. तिने चाचांना स्पष्ट सांगितले, “मला मऊ नको, मला घसरायचं नाही.” तिच्या भागाला पुढून थोडा उठाव देऊन मागे अगदी हलका उतार दिला, मांडीखालची पुढची कड गोल केली आणि रुंदी तिच्या मापाने वाढवली. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला कायमस्वरूपी मूठ आणि पाय ठेवायला पायटे असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे आवश्यक आहे, त्यामुळे सीट रुंद करताना बाजूची पकड झाकली जाणार नाही याची काळजी घेतली.

कव्हरसाठी खरे चामडे मी घेतले नाही. धारावी जवळच असल्याने ते मिळवणे अवघड नव्हते, परंतु आपल्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते आणि भिजून वाळता वाळता ते आखडते. चांगल्या प्रतीचे, दोन्ही दिशांना ताणले जाणारे, खरखरीत पोताचे रेग्झिन निवडले. इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. कव्हर फार ताणून बसवले, तर ते खोलगट भागावर ढोलाच्या पानासारखे ताठ राहते आणि खालचा सगळा आकार निरुपयोगी होतो. ढिले ठेवले, तर त्याच्या सुरकुत्या टोचतात. म्हणून बैठकीच्या भागाचा तुकडा वेगळा कापून खोलगट आकारातच शिवला, आणि शिवण हाडांपासून दूर, बाजूच्या उतारावर घेतली. शिवणीच्या छिद्रांतून पाणी आत जाते आणि फोम ते स्पंजासारखे पितो, मग पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी बसल्याबरोबर पँट ओली होते. चाचांनी आतून शिवणींवर पाणी रोखणारी टेप चिकटवली आणि जे पाणी तरीही शिरेल त्याच्यासाठी बेसच्या सर्वांत खालच्या जागी दोन लहान छिद्रे पाडली. फोमवर प्लास्टिकचा कागद गुंडाळण्याची पद्धतही सर्रास आहे. त्याने पाणी अडते, पण कागद चुरचुरतो आणि फाटला, की आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही. पिना स्टेनलेस स्टीलच्या आणि आखूड वापरल्या, कारण साध्या पिना इथल्या खाऱ्या हवेत गंजतात आणि लांब पिना बेसच्या आरपार जातात.

पहिल्यांदा कव्हर मोजक्याच पिनांवर तात्पुरते बसवले आणि चाचांनी सांगितले, “नाशिकला जाऊन या, मग बोलू.” दुकानातली दहा मिनिटे किंवा मुलुंड-कुर्ला ये-जा यांवरून काही ठरवता येत नाही, निदान दोन-तीन तासांचा सलग प्रवास व्हावा लागतो, तोही नेहमीच्याच पँटमध्ये, मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवून. जीन्सची मधली जाड शिवण उत्तम सीटवरही टोचते, म्हणून तो प्रवास मी सपाट शिवणीच्या पँटमध्ये केला. हाडांची आग इगतपुरीपर्यंत जाणवली नाही, घसरणे पूर्ण थांबले. उजव्या मांडीला मात्र बाहेरच्या बाजूने कड लागत होती. परतल्यावर कव्हर उचलून ती कड तासली गेली. त्यानंतर माळशेज घाटाच्या वळणांवर आम्ही दोघे जाऊन आलो, कारण सरळ महामार्गावर उत्तम वाटणारी खोलगट सीट वळणावर अंग सरकवू देत नाही, अशी मला शंका होती. ती काही अंशी खरी ठरली आणि बैठकीच्या मागचा उठाव थोडा कमी करून घेतला. थोडी हालचाल करता येणे, दर काही किलोमीटरवर बैठक बोटभर पुढे-मागे घेता येणे, हे दाबाच्या दृष्टीनेही गरजेचे असते.

आता मुंबई-गोवा रस्त्याने चिपळूणला जाताना आम्ही माणगाव आणि पोलादपूर अशा दोन ठिकाणी थांबतो, ते जेवण्यासाठी आणि पाय मोकळे करण्यासाठी. सीटमुळे थांबावे लागत नाही. पत्नी महाडनंतर अजूनही एकदा पायट्यांवर उभी राहते. तिच्या बाजूचा वरचा थर आणखी थोडा घट्ट करावा, असे चाचांचे मत आहे. पावसाळा संपल्यावर कव्हर उघडून फोम सावलीत वाळवायचा आहे आणि शिवणींची टेप तपासायची आहे, तेव्हाच ते कामही होईल.